आपले घर चित्रपटात

एखाद्या सकाळी दोन मोटारी गावात येऊन थांबतात. उतरलेली मंडळी ना पिकाची चौकशी करतात, ना पावसाची. ती तुमच्या पडक्या ओसरीकडे टक लावून पाहतात आणि म्हणतात, "वा! अगदी हेच हवे होते." ज्या भिंतीची तुम्हांला पाहुण्यांपुढे लाज वाटत होती, तिचेच कौतुक सुरू होते. चित्रणासाठी घर देण्याची गोष्ट बहुधा अशीच सुरू होते.

वाईजवळच्या मेणवलीचेच पाहा ना. डोंगरांच्या कुशीत, कृष्णेच्या काठी तिथे नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. घाटावरच्या देवळात १७३९ सालच्या वसईच्या विजयातून आलेली मोठी घंटा टांगलेली आहे. याच वाड्यातले दप्तर द. ब. पारसनीस यांच्यासारख्या संशोधकाच्या हाती आले, आणि पेशवाईच्या इतिहासाला केवढी सामग्री मिळाली! पण आज मेणवलीला जाणारी कित्येक माणसे विचारतात, "स्वदेसचं शूटिंग कुठं झालं?" आशुतोष गोवारीकर यांच्या २००४ सालच्या त्या चित्रपटात हा घाट उत्तर प्रदेशातल्या चरणपूरचा घाट झाला होता. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या 'गंगाजल'मध्ये वाईचा परिसर बिहार झाला. सासवडचा पुरंदऱ्यांचा वाडा 'तुंबाड'मध्ये, २०१८ साली, कोकणातला वाडा होऊन पावसात भिजत उभा राहिला. नटासारखे घरही सोंग घेते, आणि सोंग चांगले वठले की त्याचे खरे नाव मागे पडते. शिक्षकबंधूंनो, सहल मेणवलीला नेलीत तर चित्रपटाची गोष्ट जरूर सांगा. मुले त्याने खुलतात. पण घंटा वसईहून का आली, हेही त्याच दमात सांगा.

तुम्ही म्हणाल, मुंबईत हवे तसे घर उभारता येत असताना ही मंडळी डोंगरात कशाला येतात? झिजलेला उंबरा सुताराला करता येईल हो, पण चौकातून उतरणारे ऊन, धुराने काळी पडलेली तुळई आणि दाराबाहेर लगेच सुरू होणारा डोंगर, हे सारे एकत्र कोण उभारून देणार? म्हणजे तुमच्या घराचे जुनेपण हाच त्यांचा माल आहे. हे ध्यानात ठेवून बोलणी करावीत.

आता माझ्या घरची गोष्ट. कन्नड तालुक्यात, औट्रम घाटाच्या माथ्याकडे आमचे वडिलार्जित माळवदाचे घर आहे. मी नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरला. घरी म्हातारी आत्या. एका वैशाखात एक कंपनी आठ दिवसांसाठी आली. माणसे वाईट नव्हती, भाडेही ठरल्याप्रमाणे दिले. पण त्या आठ दिवसांत आत्याला वाळत घातलेल्या मिरच्या उचलता येईनात, कारण कालच्या चित्रात त्या होत्या, तेव्हा आजही त्या तिथेच हव्यात! संवादात आवाज येतो म्हणून शेजारच्याची गिरणी दुपारभर बंद. त्याचे भाडे मात्र कुणी दिले नाही, आणि रोष आला आमच्यावर.

खरी गोष्ट मृगात कळली. दिवे लावायला त्यांनी माळवदावर लोखंडी नळ्या आणि माणसे चढविली होती. पांढऱ्या मातीचा थर जागोजाग फुटला. पहिल्या मोठ्या पावसात बळदाच्या अंगाला पाणी उतरले आणि दोन पोती ज्वारी भिजली. मी कागद काढून पाहिला. त्यात लिहिले होते, "घर पूर्ववत करून देऊ." पूर्ववत म्हणजे कसे, हे ना त्यांनी लिहिले होते, ना मी विचारले होते. एम. ए. झालेल्या माणसाने सही करण्यापूर्वी कागद नीट वाचला नाही, यात निम्मा दोष माझाच.

म्हणून सांगतो, घर जरूर द्या. ओस पडू लागलेल्या वाड्याला एवढ्या भाड्यातून नवे वासे मिळत असतील तर ते नाकारण्यात कसला मोठेपणा? पण आधी प्रत्येक खणाची, कोनाड्याची, माळवदाची छायाचित्रे काढून कागदाला जोडा. माळवदावर किती भार चढेल, भिंतीत खिळे ठोकायचे की नाहीत, शेजाऱ्याची भरपाई कुणी द्यायची, सगळे लिहून घ्या. अनामत रक्कम घ्या, आणि ती पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावरच परत करायची असे ठरवा. गळके छप्पर उन्हात कधी दिसत नाही. घर सामाईक असेल तर भाऊबंदांच्या सह्या आधी घ्या, नाहीतर चित्रपट चार महिन्यांत पुरा होईल आणि तुमचा दावा चालूच राहील. आसपास वनखात्याची जमीन असेल, जशी आमच्याकडे गौताळ्याची आहे, तर तिथली परवानगी कंपनीने काढली का, ते कागदावर पाहा. नुसत्या शब्दावर जाऊ नका.

पुढे तो चित्रपट आला. आत्याला मी शहरात आणून तो दाखविला. आमचे घर पडद्यावर चार-पाच मिनिटे दिसले. भलत्याच प्रांतातले, कुणा सावकाराचे. आत्या बराच वेळ गप्प होती. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबू, कोनाड्यातला आपला खंडोबा कुठं ठेवला रं त्यांनी?"