फी वाढते तेव्हा आपण कुठं असतो?



शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्यांच्या वडिलांच्या नावाच्या या गावात आज फीचं गणित बसता बसत नाही.

टाळेबंदीत हाताला काम नव्हतं. शासनानं ८ मे २०२० रोजी फीवाढ रोखली. जूनमध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती आली. १५ टक्के कपातीचा आदेश निघाला तो थेट ऑगस्ट २०२१ मध्ये! तोवर भरायची त्यांनी भरली होती.

पण २०११ चा फी विनियमन कायदा आहे. त्यानुसार खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं यावी लागते. समितीत निम्म्या महिला हव्यात. आपण नावच देत नाही. मजुरी बुडते म्हणतो. बुडते, खरं आहे. पण एका दिवसाची. शाळा उघडल्यावर तीस दिवसांत संघ होतो. यंदा आयांनी नावं द्यावीत.