जुने यंत्र बदलताना

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणावरून)



कमिटीने मला ‘बँकेतले अनुभव’ यावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. बँकवाल्याकडून लोकांना कर्ज बुडवणाऱ्यांच्या गोष्टी हव्या असतात. पण नोकरीची शेवटची काही वर्षे माझ्याकडे प्रिमायसेस विभाग होता. म्हणजे बँकेच्या इमारती, लिफ्ट, जनरेटर, ए.सी. त्यामुळे आज मी आमच्या रिजनल ऑफिसच्या ए.सी. प्लांटची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. आपली लिफ्ट आणि पाण्याचे पंपही पंचवीस वर्षांचे झालेत, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय आपल्यापुढे येणारच आहे.

आमची इमारत चार मजली. गच्चीवर कूलिंग टॉवर, तळघरात प्लांट. वीस वर्षे झालेली. साहेबांच्या केबिनमध्ये लोक स्वेटर घालून बसायचे आणि खाली कॅश काउंटरवर पंखा लावून घाम पुसायचे. आमचे हेड कॅशियर म्हणायचे, “वर हिमालय, खाली विदर्भ!” त्यातून जुन्या यंत्रातला आर-१२ गॅस मिळेनासा होत चालला होता. हा गॅस ओझोनच्या थराला घातक. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्यासारख्या देशांनी २०१० पर्यंत तो बंद करायचा होता. तेव्हा प्लांट बदलणे भागच होते.

कोटेशन्स मागवली. जुना प्लांट १२० टनांचा, म्हणून सगळ्यांनी १२० टनांचीच दिली. एकाने तर ‘भविष्यातील वाढीव गरज’ म्हणून १५० टनांचे दिले.

इथे ‘टन’ म्हणजे यंत्राचे वजन नव्हे बरं का. पूर्वी थंडाव्यासाठी बर्फाच्या लाद्या वापरत, तेव्हाचे हे माप. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन.

आम्ही एक कन्सल्टिंग इंजिनिअर नेमले होते. कोटेशन्स न उघडताच ते म्हणाले, “साहेब, मशीन राहू द्या बाजूला. आधी सांगा, तुमच्या इमारतीत उष्णता येते कुठून?”

पंधरा दिवस ते वही घेऊन फिरले. पश्चिमेच्या काचांतून दुपारभर ऊन आत. गच्चीचा स्लॅब तापलेला. जुन्या ट्यूबलाइट आणि त्यांचे चोक, शिवाय जुने डबा मॉनिटर, सगळे उष्णता सोडणारे. फॉल्स सीलिंगवर डक्टचे सांधे सुटलेले, म्हणजे पैसे मोजून केलेली थंड हवा तिथेच जात होती. काउंटरपर्यंत पोहोचणार काय? आणि सगळ्यात मोठी गंमत ही, की एका छोट्या सर्व्हर रूमसाठी रात्री अख्खा प्लांट चालत होता. पेलाभर चहासाठी लग्नाचे पातेले चुलीवर चढवावे, तसा प्रकार!

मग काचांना फिल्म लावली, बाहेरून छज्जे काढले, गच्चीवर पांढरा थर दिला, डक्ट दुरुस्त केले, दिवे बदलले. सर्व्हर रूमला स्वतंत्र छोटे ए.सी. दिले. नंतर हिशेब केला तर गरज ८० टनांवर आली. तीही एका यंत्रात न घेता ४० टनांची दोन यंत्रे घेतली. एक बंद पडले तरी काउंटर चालू राहतो, आणि थंडीच्या दिवसांत एकावरच भागते. जुने यंत्र काढून नवे बसवायचे काम डिसेंबर-जानेवारीत केले. क्रेन रविवारी आली. बँक एक दिवसही बंद राहिली नाही.

आता थोडे आकडे, त्याशिवाय बँकवाल्याला चैन पडत नाही. समजा, जुने यंत्र टनामागे तासाला सव्वा युनिट वीज खाते आणि नवे पाऊण. ८० टन, दिवसाला दहा तास, वर्षाला २५० दिवस. फरक झाला एक लाख युनिटचा. युनिटला १० रुपये धरा, म्हणजे वर्षाला १० लाख. यंत्र कायम पूर्ण ताकदीने चालत नाही, म्हणून निम्मे धरा. तरी ५ लाख, आणि तेही दरवर्षी. म्हणून टेंडर उघडताना आम्ही नुसती यंत्राची किंमत पाहिली नाही. दहा वर्षांचे वीजबिल आणि देखभालीचा करारही त्यात मिळवला. सगळ्यात स्वस्त कोटेशन या हिशेबात तिसरे आले!

निवृत्तीच्या सुमारास पेपरात वाचले, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचेही असेच झाले. १०२ मजली, १९३१ सालची इमारत. २००९ मध्ये तिथे मोठे नूतनीकरण जाहीर झाले. त्यांनी आधी सुमारे साडेसहा हजार खिडक्या हातात घेतल्या. जुन्या काचा फेकल्या नाहीत. इमारतीतच कारखाना थाटून त्या काढल्या, मध्ये फिल्म आणि गॅस भरला, परत बसवल्या. तिकडे हिवाळ्यात वाफेवर इमारत गरम करतात. त्या रेडिएटरच्या मागे उष्णता परत खोलीत फेकणारे पत्रे लावले. थंडाव्याची गरज जवळपास एक तृतीयांशाने कमी झाली. मग नवे मोठे चिलर घ्यायची गरजच उरली नाही, जुनेच दुरुस्त करून भागले. ते वाचून मला आमच्या इंजिनिअरसाहेबांची आठवण झाली.

आपल्या लिफ्टला ए.सी. प्लांटचे सगळेच नियम लागू होणार नाहीत. पण कोटेशन मागवण्याआधी महिनाभर नोंद ठेवू या. किती फेऱ्या होतात, कधी बंद पडते, काय बिघडते. पंप किती तास चालतो, टाकी का ओसंडते, कुठला व्हॉल्व्ह गळतो. पाचव्या मजल्यावर ऐंशीच्या घरातले पाच-सहा सभासद आहेत. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी त्यांचा दवाखानाही बंद. तेव्हा काम कोणत्या महिन्यात, किती दिवसांत आणि तोवर त्यांची सोय काय, हेही करारातच लिहून घ्या.

आणि पैशाचे काय? आदर्श उपविधीप्रमाणे आपण दरवर्षी बांधकाम खर्चाच्या पाव टक्का सिंकिंग फंडात टाकत आलो. मेंटेनन्सच्या बिलातली ती ओळ पाहून पंचवीस वर्षे कुरकुर झाली. ते पैसे मोठ्या कामांसाठी होते. उपविधीत बसेल तिथे ते वापरायला भिऊ नका. पण स्वस्त कोटेशनच्या नादात उधळूही नका.

दोन शब्द म्हणता म्हणता बरेच झाले. जेवण थंड होते आहे, आणि त्याला ए.सी. लागत नाही! पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सर्वांना शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र.