सौर पंप : मोटर सोडण्याआधी पाटी वाचा



सावलीकडे धानाच्या बांधीला पाणी देणारा एसी मोटरचा सौर पंप उन्हाच्या मानाने फिरतो. ऊन चढलं की वेग वाढतो, ढग आले की उतरतो. हे काम कंट्रोलरमधला ड्राइव्ह करतो.

मोटर बदलली, की मेकॅनिक तिचे आकडे ड्राइव्हमध्ये भरतो. पण पाणबुडी मोटरची पाटी तेव्हा पाण्याखाली असते! म्हणून मोटर विहिरीत सोडण्याआधीच हॉर्सपॉवर, व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ आणि फेरे वहीत उतरवा. अंदाजाने अँपिअर जास्त भरले, तर भार वाढूनही ड्राइव्ह थांबत नाही, मोटर जळते.

विहीर आटली की मोटर बंद व्हावी, हेही भरून घ्या. पाणी फार कमी आलं, तर मोटर उलटी फिरते का, ते तपासायला सांगा. वही जपून ठेवा.