‘आशा परत येते’ आणि आमच्या बैठकीत पडलेले तट

 

आज बचत, हप्ता, ठराव वही यातलं काही बोलणार नाही. आमच्या दोन गटांतल्या बायकांची एका कादंबरीवरून जी जुंपली, ती सांगते. पुस्तक संपून महिना झाला, पण पाणवठ्यावर अजून विषय निघतो.

शाहूवाडीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. रोपलावण उरकली की बाईमाणूस जरा मोकळं होतं, पण वाटा चिखलाच्या, बाहेर पडायची सोय नाही. चातुर्मासात पोथी लावायची रीत आपल्याकडं जुनीच आहे. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी वाती वळत, वाकळ शिवत ऐकायचं. तीच रीत धरून आम्ही यंदा बैठकीनंतर अर्धा तास गोष्टीचं पुस्तक वाचायचं ठरवलं. त्यालाही विरोध झालाच. “शेळीपालनाचं वाचा, चार पैसं तरी मिळतील,” असं एक काकी म्हणाल्या. त्याच काकी पुढं एकही दिवस चुकवेनात.

पुस्तक निघालं एका वहिनींच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत. पुठ्ठा सुटलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. नाव ‘आशा परत येते’, लेखक जयंत देवकुळे. तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी हे नाव ऐकलं नसेल, पण गोष्ट मात्र पाहिली असेल. 1964 साली राजा परांजपे यांनी हिच्यावर ‘पाठलाग’ हा मराठी सिनेमा काढला. त्यात काशिनाथ घाणेकर आणि भावना. तीच गोष्ट 1965 साली तमिळमध्ये गेली आणि 1966 साली हिंदीत ‘मेरा साया’ झाली, सुनील दत्त आणि साधनाची. बरेलीच्या बाजारात झुमका पडल्याचं गाणं आठवतंय ना, तोच सिनेमा. म्हणजे एका मराठी कादंबरीनं दोन-तीन वर्षांत केवढी मुशाफिरी केली बघा. मूळ लिहिणाऱ्याचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक. आमच्या एक काकी तर शेवटपर्यंत म्हणत होत्या की मराठीवाल्यांनी हिंदीतनं उचललंय.

आता गोष्ट. पुस्तकात आणि सिनेमांत बारीकसारीक फरक असणारच, मी नुसता कणा सांगते. एक वकील. त्याचा बायकोवर फार जीव. ती आजारी पडते आणि त्याच्या मिठीत प्राण सोडते. तो तिला अग्नी देतो. पुढं पोलीस येऊन सांगतात, गुन्हेगारांच्या टोळीबरोबर एक बाई सापडलीय, हुबेहूब तुमच्या बायकोसारखी दिसते, आणि म्हणते की मी वकीलसाहेबांची बायको आहे. खटला उभा राहतो. नवराच वकील म्हणून तिला उलटसुलट प्रश्न विचारतो. नवरा-बायकोशिवाय तिसऱ्याला ठाऊक नसतील अशा गोष्टी ती सांगत जाते. त्याचं मन हलतं, पण डोळ्यांसमोरची चिता काही हलत नाही.

इथपर्यंत आम्ही एका दमात आलो. त्या दिवशी कुणी उठायलाच तयार नाही. घरी म्हशी हंबरत होत्या तरी “आणि एक पान वाच गं” चाललेलं.

ज्यांना पुढं स्वतः वाचायचंय किंवा सिनेमा बघायचाय त्यांनी आता रेडिओचा आवाज बारीक करा, कारण मी शेवट सांगणार आहे. ती बाई खरं बोलत असते. तीच आशा. मेली ती तिची जुळी बहीण. त्या बहिणीचं आयुष्य वाईट संगतीत गेलेलं, म्हणून आशानं ती असल्याचंच नवऱ्यापासून लपवलेलं. बहीण आसऱ्याला येते, अदलाबदल होते. हिला टोळीवाले बहीण समजून नेतात आणि बहीण हिच्या घरात हिच्या नावानं मरते.

पुस्तक मिटलं आणि तट पडले.

पहिला तट थोरल्या बायकांचा. त्यांचं म्हणणं, नवऱ्याची काहीच चूक नाही. एक आजी म्हणाल्या, “सोताच्या हातानं अग्नी दिलाय त्यानं. उद्या कुणीबी यिऊन म्हणंल मी तुझी बायको, तर घरात घ्यायची व्हय?” आजींचं बोलणं सोडून देण्यासारखं नाही. खोटं वारसपत्र, खोटा अंगठा, खोटी सही यापायी जमिनी गेलेली घरं आपण बघितलीत. पुरावा मागणारा माणूस दगडाच्या काळजाचाच असतो असं नाही.

दुसरा तट लेकी-सुनांचा. त्या तावातावानं उठल्या. बारावी झालेली एक सून म्हणाली, “ती कोर्टात उभी राहिली तेव्हा त्याला वळखू आली नाही, ते सोडा. मिठीत घेतली होती, ती बायको नव्हती, हे तरी कळायला नको? एवढा जीव होता म्हणं. मग जीव कशावर होता, तोंडावळ्यावर?” यावर थोरल्या गप्प झाल्या. मग एकीनं नवऱ्याची बाजू सावरली, हिंदी सिनेमात तो विलायतेला गेलेला दाखवलाय, इतक्या दिवसांनी आलेल्या माणसानं अंथरुणावर खंगलेली बाई बघितली तर काय ओळखणार. सून म्हणाली, “आमचं मालक मुंबईत हमाली करत्यात, वरसातनं दोनदा येत्यात. पायांच्या आवाजावरनं मी वळखते.” पुढं कोण बोलणार?

मी कला शाखेची पदवी घेतलेली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, की ताई, तुम्ही सांगा कोण बरोबर. मी सांगितलं नाही. त्याऐवजी दोन खऱ्या गोष्टी सांगितल्या, कारण ‘मी तोच’ असं म्हणत परत येणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेत शब्दच आहे, तोतया.

पहिली आपल्या इतिहासातली. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधीच मानलं नाही. शेवटपर्यंत त्या सवाष्ण म्हणूनच राहिल्या, 1783 साली त्या वारल्या. मधल्या काळात ‘मीच भाऊसाहेब’ म्हणणारा एक माणूस उभा राहिला, त्याच्यामागं फौजसुद्धा जमली. 1776 साली पुण्यात त्याला देहांताची शिक्षा झाली. इथं चिताच नाही, म्हणून बाईची आशा मेली नाही. कादंबरीत चिता आहे, म्हणून पुरुषाची आशा उठत नाही.

दुसरी बंगालातली, ढाक्याजवळच्या भवाल संस्थानाची. तिथला कुमार 1909 साली दार्जिलिंगला वारला असं सांगितलं गेलं. 1921 साली ढाक्यात एक संन्यासी आला आणि लोक म्हणू लागले, हाच आपला कुमार. 1930 साली त्यानं दावा लावला. कुमाराची पत्नी विभावती देवी म्हणाल्या, हा माझा नवरा नव्हे. 1936 साली खालच्या कोर्टाचा निकाल संन्याशाच्या बाजूनं लागला, 1940 साली हायकोर्टात तोच राहिला, 1946 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्येही तोच. विभावती देवींनी मात्र त्याला कधीच मानलं नाही.

हे ऐकून शेळीपालनवाल्या काकी म्हणाल्या, “म्हंजे बाईनं वळखलं न्हाई तरी त्यो नवरा, आन बाप्यानं वळखलं न्हाई तर ती बाई कुणीच न्हाई?”

दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत. एक खरं, एक लिहिलेलं. शिवाय भवालच्या खटल्यात कोर्टानं ढीगभर साक्षी तपासल्या होत्या. हे मी काकींना सांगितलं. पण त्यांचं बोलणं बैठकीत जे रुतलं ते रुतलंच.

मग गाडी आपोआप आपल्याकडं वळली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहितात. त्या दिवसापासून बाई दोन होतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरी. 2024 साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आम्ही ते डोळ्यांनी बघितलं. महिन्याचे 1500 रुपये, पण आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, आणि बाई टेबलापुढं उभी राहून सांगतेय की ह्या दोघी मीच. आमच्या गटात एकीला तीन हेलपाटे पडले. ती म्हणाली, “आशाला निदान एकच कोर्ट हुतं.” तेवढ्यावर सगळ्या हसल्या. (जाता जाता सांगते, ज्यांच्या लग्नाची नोंद झालेली नाही त्यांनी ग्रामपंचायतीत विचारून विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. जुनं आणि नवं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला तो फार उपयोगी पडतो.)

खरा वाद मात्र तिसऱ्याच गोष्टीवरून झाला. आशानं बहीण लपवली, हे बरोबर की चूक?

यात थोरल्या-धाकट्या असे तट राहिले नाहीत, सगळ्या विस्कटल्या. काहींनी आशालाच धारेवर धरलं. पहिल्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं असतं की मला एक जुळी बहीण आहे, अशी अशी आहे, तर एवढं रामायण झालंच नसतं. काही म्हणाल्या, सांगून बघा सासरी. भाऊ पितो हे सांगून बघा. बहिणीनं पळून जाऊन लग्न केलं हे सांगून बघा. उद्या भाजीत मीठ जास्त झालं तरी तेच ऐकायला मिळतं, तुमच्या घरचं वळणच तसलं. माहेरची झाकलेली मूठ बाई उघडत नाही ती नवऱ्यावर विश्वास नाही म्हणूनच असं नाही. पुढच्या वीस वर्षांच्या टोमण्यांचा हिशेब तिला मांडता येतो म्हणूनही उघडत नाही.

असं बोलणं चाललं असताना एक वहिनी रडायला लागल्या. कोण ते सांगणार नाही, गाव सांगणार नाही, आणि ओळखायचा प्रयत्न कुणी करू नका. त्यांची बहीण आहे. दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून माहेरानं नाव टाकलं. ह्यांच्या लग्नात पाहुण्यांना सांगितलं, आम्हाला दोनच मुलं. बारा वर्षं झाली. बहिणीचा फोन येतो तेव्हा वहिनी रानात जाऊन बोलतात, आणि घरी विचारलं तर सांगतात बँकेतनं फोन होता.

त्या दिवशी वाकळेवरची सुई कुणाचीच हलत नव्हती. मग एका आजींनी, त्याच पहिल्या तटातल्या, त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, “जित्ती हाय नव्हं? मग बोलत जा. रानात कशाला, माझ्या परड्यात यिऊन बोल.” आता त्या आजींच्या परड्यात बसून बोलतात. सासरी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगावं असं आम्ही कुणीही त्यांना म्हटलेलं नाही.

पुस्तक म्हणून कसं आहे, तेही मला कुणी कुणी विचारलं. ऐकणाऱ्याला धरून ठेवणारं आहे, यात वाद नाही. पण जुळी बहीण ही मला लेखकानं शोधलेली सोपी वाट वाटते. गाठ इतकी पक्की मारली की सोडवता येईना, मग कात्री काढली. आमच्यातल्या चार-पाच जणींचंही हेच मत पडलं. बाकीच्या म्हणाल्या, ताई, तुमचं शिक्षण मधे येतंय, गोष्टीत जुळं आलं तर कुठं बिघडलं, आमच्या आळीत दोन जोड्या आहेत. आणि एक जण म्हणाली, नावातच ‘परत येते’ म्हटलंय, म्हणजे लेखकानं पहिल्या पानावरच सांगून टाकलं होतं, तुम्हीच ऐकलं नाही. हे मात्र खरं. नाव ठाऊक असून आम्ही शेवटपर्यंत भीत होतो.

एक बाई साऱ्या वादात काहीच बोलल्या नव्हत्या. त्या विधवा आहेत, बोलतात कमी. शेवटच्या बैठकीत वाकळ घडी घालता घालता त्यांनी विचारलं, “आन जी मेली तिचं काय?”

आम्हाला आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, आशा घरी आली, नवरा-बायको भेटले, चांगलं झालं. पण ती दुसरी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या नावानं मेली. अग्नी दिला तो दुसरीच्या नवऱ्यानं, दिवस घातले ते दुसरीच्या नावानं. तिच्यासाठी कुणी रडलं का? आम्ही परत पानं चाळायला घेतली. पुठ्ठा सुटलेल्या त्या पुस्तकाची शेवटची पानं हातोहात फिरली. थोरल्या, धाकट्या, नवऱ्याच्या बाजूच्या, आशाच्या बाजूच्या, सगळ्या डोकं एकत्र करून बघत होत्या. तेवढ्यात लाइट गेली.

पुस्तक आता दुसऱ्या गटाकडं गेलंय. त्यांची अजून निम्मी गोष्ट व्हायचीय, म्हणून आमच्या बायकांना ताकीद दिलीय की हळदी-कुंकवाला गेलात तर शेवट सांगायचा नाही.