सही-शिक्क्याची नक्कल : कोर्टातला कागद शोधायचा कसा?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत संस्थेच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्याच संस्थेचे सभासद असून न्यायालयीन नोकरीतून निवृत्त झाले आहेत.)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही आयुष्यभर कोर्टात होतात, काहीतरी कायद्याचं सांगा." कायदा सांगायला आपल्याच बिल्डिंगमध्ये तीन वकील आहेत आणि तिघेही आज पुढच्या रांगेत बसलेत, त्यामुळे मी जपूनच बोलणार आहे. मी वकील नाही. माझी बरीचशी नोकरी नक्कल विभागात आणि रेकॉर्ड रूममध्ये गेली. म्हणून मी फक्त कागदाबद्दल बोलतो. दिवाणी कोर्टातला जुना कागद कुठे असतो, तो कसा शोधायचा आणि हातात कसा घ्यायचा, एवढंच.

खिडकीवर रोज एक तरी माणूस असा यायचा. "आमच्या वडिलांची जमिनीची केस होती. निकाल आमच्या बाजूनं लागला होता. त्याचा कागद पाहिजे." नंबर काय? माहीत नाही. कुठल्या कोर्टात? "इथंच, कोर्टात." साल? "थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या आधी." हसू नका. आपल्यापैकी निम्म्या घरांत गावाकडच्या जमिनीचा असाच एखादा निकाल झालेला असेल आणि त्याचा कागद कुणाकडेच नसेल. तोंडी निकाल तलाठी मानत नाही, बँक मानत नाही आणि भाऊबंद तर मुळीच मानत नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट नंबर. दिवाणी दावा दाखल झाला की दाव्यांच्या रजिस्टरला चढतो आणि दरवर्षी नव्यानं एकपासून नंबर पडतात. म्हणून नुसता 214 नंबर काही कामाचा नाही, 214/1978 पाहिजे. त्याच्या आधी दाव्याचा प्रकार. जुन्या कागदांवर "रे.मु.नं." दिसेल, म्हणजे रेग्युलर मुकदमा, आताचा नियमित दिवाणी दावा. "स्पे.मु.नं." म्हणजे विशेष दिवाणी दावा, तो वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांपुढे. अपिलाचा नंबर वेगळा. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या दरखास्तीचा नंबर आणखी वेगळा. वारस दाखल्यासारख्या अर्जांना किरकोळ अर्जाचा नंबर. एकाच भांडणाचे असे तीन-चार नंबर असू शकतात, आणि लोक बहुतेक वेळा शेवटचा, म्हणजे दरखास्तीचा, लक्षात ठेवतात. तो मिळाला तरी हरकत नाही. दरखास्तीत मूळ दाव्याचा नंबर लिहिलेलाच असतो.

नंबर घरात सापडतो कुठे? जुनं समन्स, वकिलाची नोटीस, खरेदीखताचा मधला मजकूर, कर्ज घेताना बँकेच्या वकिलानं केलेला टायटल सर्च. आणि सर्वांत भरवशाची जागा म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावर जो फेरफार क्रमांक असतो त्याचा उतारा काढलात, की त्यात "मे. दिवाणी कोर्टाचे हुकूमनाम्यावरून" असं लिहून पुढे नंबर दिलेला असतो.

अलीकडची प्रकरणं असतील तर सरकारच्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवरच्या ॲपवर घरबसल्या सापडतात. तिथे प्रत्येक प्रकरणाला सी.एन.आर. नावाचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक त्या कोर्टाचे, सहा अंक प्रकरणाचे आणि शेवटचे चार सालाचे. हा क्रमांक असला की बाकी काही लागत नाही. नसला तर पक्षकाराच्या नावानं शोधा. नाव इंग्रजीतून घालावं लागतं, आणि आपली आडनावं इंग्रजीत प्रत्येक कारकुनानं आपापल्या तऱ्हेनं लिहिलेली असतात. म्हणून अख्खं नाव न घालता पहिली तीन-चार अक्षरं घाला. साल बदलून पाहा, वादीच्या नावानं पाहा, प्रतिवादीच्या नावानं पाहा, चालू आणि निकाली दोन्हींत पाहा. पुनर्विक्रीचा फ्लॅट घेताना विकणाऱ्याचं नाव, बिल्डरचं नाव आणि सोसायटीचं नाव या तिन्हींनी शोध घ्यावा असं मी सांगतो. अर्ध्या तासाचं काम आहे, लोक टाइल्स बघण्यात जास्त वेळ घालवतात. दाव्यात अडकलेली मिळकत विकत घेतली, तर त्या दाव्याचा निकाल सामान्यतः घेणाऱ्यावरही बंधनकारक होतो.

मात्र संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला निकाल माहितीपुरता. तो छापून रजिस्ट्रारकडे किंवा बँकेत नेला तर ते परत पाठवतील. तिथे लागते सही-शिक्क्याची नक्कल. आणि संगणक यायच्या आधीचे बरेचसे निकाली दावे तिथे सापडतच नाहीत. त्यांच्यासाठी रेकॉर्ड रूमच.

आता आपल्या संस्थेचंच उदाहरण सांगतो, कारण नव्या सभासदांना ते माहीत नाही. आपलं मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, अडलं होतं ते एका हरकतीवरून. मूळ जमीनमालकाच्या कुटुंबातल्या एका वारसानं जिल्हा उपनिबंधकांपुढे म्हणणं दिलं, की या जमिनीत आमचा हिस्सा होता, तो आम्ही कधी विकलेलाच नाही. बिल्डर कधीच हात वर करून मोकळा झाला होता. आपल्याकडे होता फक्त एक जुना फेरफार. त्यात दाव्याचा नंबर आणि साल होतं, पण कोर्टाचं नाव नव्हतं. अठ्ठेचाळीस कुटुंबांच्या पायाखालची जमीन कुणाची, हे त्या एका ओळीवर आलं होतं.

आम्ही तिघं कामाला लागलो. त्या साली या गावाचा तालुका कुठला होता ते आधी पाहिलं. तालुके, जिल्हे बदलतात, हे लोक विसरतात. ठाण्यातून पालघर 2014 साली वेगळा झाला. आज पालघरमध्ये असलेल्या गावाचा त्याआधीचा दावा शोधायचा, तर ठाण्यापासून सुरुवात करावी लागते. आमच्या बाबतीत दोन कोर्टं संभवत होती. दोन्हीकडे त्या नंबरचा दावा होताच, कारण नंबर सगळीकडे एकपासून सुरू होतात. एका ठिकाणी तो भाड्याच्या पैशांचा निघाला. दुसऱ्या ठिकाणी रजिस्टरला पहिल्या वादीचं नाव जुळलं आणि शेरा होता, "तडजोडीने निकाली".

पुढची अडचण अशी, की आम्ही त्या दाव्यात कुणीच नव्हतो. पक्षकाराला नक्कल मागताना कारण सांगावं लागत नाही. त्रयस्थाला मात्र कागद कशासाठी पाहिजे ते अर्जात आणि प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं आणि कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. आपल्यातल्या एका उत्साही सभासदानं सुचवलं, माहिती अधिकारात मागू. ते चाललं नसतं. कोर्टाच्या न्यायिक रेकॉर्डच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या, माहिती अधिकाराचा रस्ता त्याला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च 2020 मध्ये सांगितलं आहे. मग संस्थेचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, हरकतीची प्रत आणि तो फेरफार जोडून अर्ज केला. "अभ्यासासाठी पाहिजे" असं मोघम लिहिलं नाही. "या जमिनीवर आमची इमारत उभी आहे आणि तिच्या मालकीबाबत या हुकूमनाम्याचा उल्लेख आहे," असं सरळ लिहिलं. परवानगी मिळाली.

गठ्ठा निघाला तेव्हा त्यात फार थोडे कागद उरले होते. पण तडजोडीची पुरसीस आणि हुकूमनामा होता, सोबत हिश्श्यांचा तक्ता. आपला सर्व्हे नंबर ज्या भावाकडून बिल्डरनं घेतला, त्याच्याच वाट्याला तो पूर्ण गेला होता. हरकत घेणाऱ्याच्या वडिलांनी दुसरी जमीन घेऊन तडजोडीवर सही केलेली होती. ती नक्कल दाखल केली आणि पुढच्या तारखेला त्या गृहस्थांचे वकील फारसं बोलले नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्याही घरात कुणी तो कागद कधी काढलाच नसावा.

नक्कल अर्ज भरणं अवघड नाही. कोर्टाचं नाव, दाव्याचा प्रकार, नंबर, साल, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, आणि नेमका कुठला कागद. इथे लोक "सगळी फाइल द्या" म्हणतात, मग पैसे जास्त लागतात, वेळही जातो आणि उपयोगाचं काहीच लवकर हाती येत नाही. फायलीतल्या प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक असतो. दावा अर्ज, प्रतिवादीची कैफियत, पुरावे, पुरसीस, सगळ्यांना. आधी रेकॉर्ड पाहण्याचा अर्ज करा, निशाण्या टिपून घ्या, मग हवी ती निशाणी मागा. रोजनाम्याची नक्कलही उपयोगी पडते. कोणत्या तारखेला काय झालं ते त्यात ओळीओळीनं असतं.

निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत, हे कृपया लक्षात ठेवा. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारणं दिलेली असतात. हुकूमनाम्यात नेमकं काय मिळालं ते असतं, आणि निकालानंतर पंधरा दिवसांत तो तयार व्हावा असा दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम आहे. अपिलाला निकालपत्राची नक्कल लागते, अंमलबजावणीला आणि फेरफाराला हुकूमनामा. दोन्ही घ्याच. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत साधारणपणे बारा वर्षं आहे, कायमच्या मनाईला ती मुदत नाही.

नकलेच्या शेवटी तीन तारखा असतात : अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची. शिक्का बघून लोक समाधानी होतात, तारखा कुणी वाचत नाही. वकील मात्र आधी त्याच वाचतो. जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात. नक्कल मिळवायला लागलेला आवश्यक वेळ त्यातून वगळला जातो. पण नक्कल तयार होऊन खिडकीत पडली आणि तुम्ही आठ दिवसांनी आलात, तर ते आठ दिवस तुमच्या खाती. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी अर्ज टाकावा, अपील करायचं की नाही ते मागाहून ठरवावं.

वारस दाखल्याबद्दल थोडं सांगतो, कारण आता आपल्या संस्थेत हे प्रसंग वरचेवर येणार, आपण सगळे पिकलेली पानं. सभासद गेल्यावर शेअर सर्टिफिकेट नावावर करताना वारसांत एकमत नसेल तर कोर्टाचा कागद मागितला जातो. दाखला एकदा मिळालेला असतो, कपाट बदलताना हरवतो, आणि मग मुलं म्हणतात पुन्हा केस करू. काही गरज नाही. ज्या कोर्टानं दाखला दिला तिथे त्याचं प्रकरण आहे, नंबर द्या, नक्कल घ्या. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना ती विचारतात, "इकडे काउंटीच्या क्लार्ककडे ऑनलाइन मागता येतं, तिकडे का नाही?" तिकडची काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिथल्या दिवाणी प्रकरणांचं दफ्तर बहुतेक ठिकाणी क्लार्कच्या कार्यालयात असतं आणि पुष्कळ काउंट्यांची सूची संकेतस्थळावर पाहता येते. पण शिक्क्याची प्रत त्यांनाही मागावीच लागते, फीही भरावी लागते. मुलांना एवढं सांगा आणि इथल्या कामासाठी कुणाच्या तरी नावानं अधिकारपत्र पाठवायला सांगा.

प्रत्येक भांडण दिवाणी कोर्टात नसतं. सोसायटी आणि सभासद यांच्यातला वाद सहकार न्यायालयात, थकबाकी वसुलीचा दाखला उपनिबंधकांकडे, बिल्डरविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात किंवा महारेराकडे, सातबाऱ्याच्या नोंदीवरचं अपील प्रांतांकडे. मुंबईत शहर दिवाणी न्यायालय, लघुवाद न्यायालय आणि उच्च न्यायालयाची मूळ शाखा ही तीन वेगळी दफ्तरं. नवरा-बायकोच्या खटल्यांचे कागद तर त्रयस्थाला मिळतच नाहीत असं धरून चाला, आणि ते योग्यच आहे.

रेकॉर्ड कायमचं राहत नाही, हे मात्र मनावर घ्या. कागदांची वर्गवारी करून महत्त्वाचे जास्त काळ ठेवतात आणि किरकोळ अर्ज, समन्सं ठरावीक वर्षांनी रीतसर नष्ट करतात. ती यादी करायचं काम मीही केलंय.

शेवटचं, मूळ कागदांबद्दल. दाव्यात तुम्ही जी मूळ खरेदीखतं, मृत्युपत्रं, पावत्या दाखल केल्या असतील, त्या दावा निकाली निघून अपिलाची मुदत संपली की परत मागता येतात. अपील झालंच, तर ते निकाली निघाल्यावर. त्यासाठी साधा अर्ज असतो. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये आजोबांच्या हातची खतं गठ्ठ्यात बांधून पडलेली मी पाहिली आहेत, न्यायला कुणी आलंच नाही. कुणाच्या घरी असा निकाली दावा असेल तर नंबर शोधून ठेवा. अर्जाचा नमुना मी ऑफिसमध्ये ठेवलाय, नोटीस बोर्डाशेजारच्या कपाटात, हिरव्या फाइलमध्ये. झेरॉक्स काढून घ्या, मूळ तिथेच ठेवा.