सापळा पोलिसांचा, मागणी कुणाची?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा कसा लागतो, हे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला कायद्याच्या पदवीधराहून अधिक नेमके ठाऊक असते. फेरफाराच्या नोंदीसाठी कुणी पैसे मागितले की तक्रारदार विभागाकडे जातो. विभाग लगेच धाड घालीत नाही. आधी मागणीची पडताळणी होते. समोरचा माणूस पंचांच्या समक्ष पुन्हा तेच मागतो काय, हे पाहिले जाते. मग नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लागते, आणि नोटा घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडविली की पाणी गुलाबी होते. एवढे सारे होऊनही केवळ गुलाबी पाण्यावर कुणाला शिक्षा होत नाही. लाचेची मागणी सिद्ध व्हावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने परिस्थितिजन्य पुराव्याला वाव दिला, परंतु मागणी आणि स्वीकार सिद्ध झालेच पाहिजेत हा आग्रह सोडला नाही.

ही मोजपट्टी हाती ठेवूनच आजच्या विषयाकडे वळणे इष्ट आहे. इंटरनेटवर लहान मुलांना हेरून जाळ्यात ओढू पाहणारी माणसे आहेत, याविषयी आता कुणाला शंका नाही. अशा माणसाला पकडण्यासाठी पोलिसाने तेरा वर्षांच्या मुलीचे सोंग घेऊन मोबाइलवर बसावे काय? त्या सोंगाला भुलून भेटीस आलेल्या माणसाला तुरुंगात धाडणे न्यायाला धरून होईल काय? बहुतेकांचे पहिले उत्तर असे येते की, यात विचार कसला करायचा? मुलांवर डोळा ठेवणाऱ्याची गय कशाला? हा संताप रास्त आहे. पण त्या संतापाच्या छायेत राज्यसंस्थेच्या हाती कोणते हत्यार येते आणि उद्या ते कुणावर चालते, हे पाहिल्यावाचून समाजवाद्याला पुढे जाता येत नाही.

प्रथम सापळ्याच्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात पुष्कळ तथ्य आहे. लाच मागितली गेलेला शेतकरी तक्रार करू शकतो. नऊ वर्षांचे मूल करीत नाही. गोव्यात मडगाव येथे निराधार मुलांचा आश्रयदाता म्हणून वावरणारा एक गृहस्थ १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली; तोवर कितीतरी वर्षे मुले गप्प होती. मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज आश्रयगृहांचे प्रकरण तर न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षी ग्राह्य मानून शिक्षा पुन्हा कायम केली. ज्या गुन्ह्यात पीडिताला बोलायला शब्द सापडत नाहीत आणि बोलल्यावर न्यायालयात पाच-पाच वर्षे झुंजावे लागते, तेथे एखाद्या खऱ्या मुलाऐवजी प्रौढ पोलीस गुन्हेगारासमोर उभा राहिला तर ते मूल वाचते. सापळ्याचे सर्वांत बळकट समर्थन हेच आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. लैंगिक अपराधांपासून मुलांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो. वाईट हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे वारंवार संपर्क साधणे त्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७-ब हे कलम मुलांना असल्या संबंधासाठी फूस लावणे दंडनीय ठरविते. परंतु सापळ्यात मूल नसतेच; पलीकडे बसलेला असतो चाळीस वर्षांचा हवालदार. मग गुन्हा कोणता झाला? बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार.

या प्रश्नाचे उत्तर मेकॉलेच्या काळापासून आपल्या संहितेत आहे. दागिन्यांच्या लोभाने कुणी पेटी फोडली आणि पेटी रिकामी निघाली, तरी तो चोरीचा प्रयत्न ठरतो. दुसऱ्याच्या रिकाम्या खिशात हात घालणाराही सुटत नाही. भारतीय दंड संहितेच्या ५११ व्या कलमाखालची ही उदाहरणे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या ६२ व्या कलमातही कायम आहेत. पॉक्सोचे अठरावे कलम त्या कायद्याखालील कोणत्याही गुन्ह्याच्या प्रयत्नाला स्वतंत्र शिक्षा सांगते. तेव्हा समोर मूल नव्हते, एवढ्यावर आरोपी सुटावा असे नाही. अर्थात प्रयत्न कोठे सुरू होतो हे ठरवावेच लागते. पंजाबातून दिल्लीकडे विनापरवाना भात नेणारा ट्रक समालखा येथे अडविला गेला, तेव्हा ती केवळ तयारी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये मलकियतसिंग प्रकरणी म्हटले. उलट वसईजवळच्या खाडीकाठी रात्री चांदीच्या लाद्या उतरविणाऱ्यांच्या बाबतीत, महाराष्ट्र राज्य विरुद्ध महंमद याकूब या खटल्यात, १९८० मध्ये त्याच न्यायालयाने तो प्रयत्नच मानला. मोबाइलवरील चार अश्लील वाक्ये, बसचे तिकीट, ठरलेल्या जागी येऊन उभे राहणे, या पायऱ्यांपैकी नेमकी कोणती समालखा आणि कोणती वसईची खाडी, हे प्रत्येक खटल्यात पुराव्यावरून ठरावे लागेल.

खरी अडचण वेगळीच आहे. पेटी रिकामी असली तरी चोराच्या हातात पहार पोलिसांनी दिलेली नसते. संभाषणात मात्र पोलीस बोलत असतो. पहिला शब्द कोणाचा? भेटीचा विषय कोणी काढला? समोरचा माणूस चार दिवस गप्प राहिला असता ‘विसरलास का?’ असे कोणी विचारले? विंध्य प्रदेशातील राव शिवबहादुरसिंग यांच्या प्रकरणात, १९५४ मध्येच, लाच देणाऱ्याजवळ नसलेले पैसे पोलिसांनी पुरवावेत या पद्धतीविषयी सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नापसंती नोंदविली. दोन वर्षांनी रामजनमसिंग प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले: माणसाच्या प्रवृत्ती कशाही असोत, त्याच्या दुबळ्या सहनशक्तीपलीकडचा मोह सरकारने मुद्दाम त्याच्यापुढे ठेवू नये, अशी अपेक्षा करण्याचा त्याला अधिकार आहे, असा त्या निकालाचा आशय. गुन्हा आधीच चालू असताना तो उघड करणारा सापळा एक, आणि गुन्हा जन्मालाच घालणारा सापळा दुसरा. हा भेद आपल्या न्यायालयांना सत्तर वर्षांपासून माहीत आहे.

अमेरिकेत नेमके अशाच विषयावर हे घडले. नेब्रास्कातील एका शेतकऱ्याने १९८४ मध्ये, कायद्याने मनाई होण्यापूर्वी, अल्पवयीन मुलांची चित्रे असलेली मासिके मागविली होती. मनाई झाल्यावर सरकारी यंत्रणांनी पाच काल्पनिक संस्थांच्या आणि एका बनावट पत्रमित्राच्या नावाने सव्वीस महिने त्याला पत्रे धाडली. शेवटी १९८७ मध्ये त्याने एक मासिक मागविले आणि तो पकडला गेला. १९९२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. सव्वीस महिन्यांच्या आर्जवानंतर जी इच्छा दिसली ती त्याची की सरकारची, हे सांगता येत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

तथापि अमेरिकन न्यायालये ज्या कसोटीवर मुख्यतः विसंबतात, ती, म्हणजे आरोपीच्या मनात गुन्ह्याची प्रवृत्ती आधीपासून होती काय ही कसोटी, आपण डोळे मिटून उचलू नये. सोलापूरकरांना तरी हे सांगावे लागू नये. या शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी काही जमाती जन्मतःच गुन्हेगारी प्रवृत्तीच्या ठरविल्या. येथे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, हजेऱ्या घेतल्या, आणि गिरण्यांना त्यांचे श्रम स्वस्तात मिळाले. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत तो शिक्का कायद्याने टिकला. कृत्यावरून नव्हे तर प्रवृत्तीवरून माणसाचा न्याय केला की काय होते, हे त्या कुंपणात राहिलेल्यांना विचारावे. म्हणून प्रश्न ‘हा माणूस मुळात कसा होता’ असा न ठेवता ‘पोलीस कसे वागले’ असा ठेवणे अधिक सुरक्षित. २००१ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने लूजली प्रकरणी बव्हंशी हीच वाट धरली: पोलिसांनी अशा परिस्थितीत कुणीही दिली असती तशी साधी संधी दिली, की त्याहून अधिक काही केले, हे पाहावे.

महाराष्ट्राला अशा सापळ्याचा चांगला अनुभवही आहे. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गरोदर स्त्रियांना सोबत घेऊन गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांचे व्यवहार उघडे पाडले. २०११ च्या जनगणनेत ज्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, तेथे परळीच्या डॉक्टरपर्यंत पोहोचण्याचे धैर्य सरकारी यंत्रणेआधी या कार्यकर्त्यांनी दाखविले. त्या सापळ्याविषयी कुणा समंजस माणसाच्या मनात न्यायाची शंका येत नाही. कारण उघड आहे: यंत्र आधीच मांडलेले, दर आधीच ठरलेला, गिऱ्हाइकांची रांग आधीच लागलेली. तेथे गेलेल्या स्त्रीने धंदा निर्माण केला नाही, तिने तो पाहिला. ज्याचा धंदा नाही, ज्याच्याविरुद्ध तक्रार नाही, अशा अनोळखी माणसाला रात्री अकरा वाजता ‘मी घरी एकटी आहे’ असा निरोप धाडणे ही निराळी गोष्ट.

याच कारणास्तव खाजगी मंडळींचे सापळे अधिक घातक. टेक्सासमधील मर्फी या गावी २००६ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी स्वयंसेवकांनी वीसहून अधिक पुरुषांना जाळ्यात ओढले. पोलीस कॅमेऱ्यांसह दारी येताच एकाने स्वतःवर गोळी झाडली, आणि पुढे सरकारी वकिलाने पकडलेल्यांवर खटलेच चालविले नाहीत. म्हणजे खरोखर दोषी असतील तेही सुटले. आपल्याकडे ३० ऑगस्ट २००७ रोजी दिल्लीतील एका वृत्तवाहिनीने एका शिक्षिकेवर विद्यार्थिनींना देहविक्रयाला लावल्याचा आरोप करणारे चित्रण दाखविले. जमावाने शाळेवर जाऊन तिला मारहाण केली, तिचे कपडे फाडले. ते चित्रण बनावट निघाले; वाहिनी महिनाभर बंद ठेवण्यात आली. शिक्षिकेला तिची अब्रू कोणत्या आदेशाने परत द्यायची, हे कुणाला सांगता आले नाही. एप्रिल २०१४ मध्ये रजत प्रसाद प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लोकहिताचे नाव घेतल्याने सापळा लावणारा आपोआप निर्दोष होत नाही. प्रत्येक प्रसंग त्याच्या तथ्यांवर तपासला जाईल.

पुराव्याचा मुद्दा रूक्ष वाटला तरी टाळता येण्याजोगा नाही. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. पडद्याची छायाचित्रे काढून, त्यातली गैरसोयीची पाने वगळून, उरलेली न्यायाधीशापुढे ठेवली तर तो पुरावा नव्हे. त्यात पॉक्सोची एकोणतिसावी आणि तिसावी कलमे काही गुन्ह्यांत दोषाचे आणि एकूणच दूषित हेतूचे गृहीतक आरोपीच्या विरुद्ध धरतात. ते खोडण्याचा भार त्याच्यावर येतो. खरे मूल साक्षीला उभे असताना या गृहीतकाचे समर्थन होऊ शकते. परंतु जेथे साक्षीदार, फिर्यादी आणि तथाकथित पीडित हे तिन्ही एकाच ठाण्याचे, तेथे गृहीतकही त्यांच्याच बाजूला गेले तर आरोपीच्या हाती उरते काय? वकील परवडणारा सुटेल. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, पहिला मोबाइल हप्त्याने घेतलेला तरुण सुटणार नाही.

यावर हॉलंडने काय केले ते अभ्यासण्याजोगे आहे. तेथील एका संस्थेने २०१३ मध्ये ‘स्वीटी’ नावाची दहा वर्षांची फिलिपिनी मुलगी संगणकावर तयार केली. स्वतः होऊन कुणाशी गैर बोलायचे नाही, हा नियम त्यांनी घालून घेतला होता. तरी दहा आठवड्यांत वीस हजारांवर पुरुष तिच्याकडे वळले, आणि एकाहत्तर देशांतील हजार जणांची ओळख पटली. तेवढ्यावर डच सरकारने सरसकट शिक्षा ठोठावल्या नाहीत. त्याच वर्षी तेथील अपील न्यायालयाने, समोर अल्पवयीन व्यक्ती नव्हती म्हणून, एका आरोपीला सोडले होते. संसदेने मग कायदा बदलला आणि १ मार्च २०१९ पासून अल्पवयीनाचे सोंग घेतलेल्या पोलिसाशी केलेला असा व्यवहार गुन्हा ठरला. आधी कायदा, मग सापळा, असा तो क्रम.

आपल्याकडे असा कायदा नाही. तो व्हावा, आणि त्यात लाचेच्या सापळ्याची शिस्त उतरावी. दंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी संभाषणापूर्वी घेतलेली असावी. सोंग घेतलेल्या पोलिसाने आपले वय प्रारंभीच सांगावे, आणि लैंगिक विषय व भेट या दोहोंचा उच्चार समोरच्याकडूनच व्हावा. मागणी त्याची असावी. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत अखंड नोंद आरोपीला मिळावी. दोषसिद्धीपूर्वी नाव आणि चेहरा कोणत्याही पडद्यावर येऊ नये. यातले काहीही पोलिसांना अशक्य नाही. पन्नास रुपयांच्या लाचेसाठी ते याहून अधिक खटाटोप करीत आले आहेत.

आणि शक्ती कोठे खर्चायची, हाही प्रश्न आहेच. महाराष्ट्र सायबर विभागाने जानेवारी २०२० मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ हाती घेतले, ते अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांच्या केंद्राकडून आलेल्या माहितीवर. तेथे आधी खऱ्या मुलाचे चित्र होते, मग माणसाचा शोध. सप्टेंबर २०२४ मध्ये असे चित्रण जवळ बाळगणे व पाहणे हाही गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर या वाटेवरची एक धोंड दूर झाली. या कामाला सोंग लागत नाही. चिकाटी आणि प्रशिक्षित माणसे लागतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींप्रमाणे पॉक्सोच्या गुन्ह्यांत दर शंभरांत नव्वदहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात. घरात, शेजारी, शाळेत. तेथे कोणताही ऑनलाइन सापळा पोहोचत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन बालिकांच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरले. त्या दोन मुलींची साक्ष त्या आरोपीसमोर आता कधीच होणार नाही.