मागेल त्याला काम, पण कोणतं?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. तासगावातली सात-आठ मुलंमुली एका संध्याकाळी माझ्या घरी आली. बहुतेक सगळी माझ्या हाताखालून गेलेली. पुण्यात तीन-तीन, चार-चार वर्षं खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेली आणि यादीच्या काठावरून परत आलेली. त्यातला एक जण म्हणाला, "सर, आम्हाला तालुक्यासाठी थिंक टँक काढायचा आहे." आमच्याकडे टँक म्हटलं की एकच गोष्ट आठवते. आतून सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, आत्ताच कुठल्या वाडीला टँकर लागला?"

हसणं झाल्यावर मुलांनी पिशवीतून चाळीस पानी मसुदा काढला. शेतीचं धोरण, शिक्षणाचं धोरण, आरोग्याचं धोरण. भाषा सफाईदार, परीक्षेच्या उत्तरासारखी. मी रात्री सगळा वाचला. मुखपृष्ठ सोडलं तर त्यात तासगाव हे नाव दोनदाच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "आपल्या तालुक्यातून एक धोरण निघालं आणि देशभर गेलं, ते माहीत आहे का?" परीक्षेसाठी त्या योजनेचं कलमन्‌कलम पाठ केलेल्या मुलांनी माना हलवल्या.

विसापूर इथून काही फार लांब नाही. तिथले वि. स. पागे 1960 ते 1978 अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. मुंबईतल्या खुर्चीत बसून त्यांचं मन गावच्या शिवारात असायचं. शेतातली कामं संपली की धडधाकट माणसं हातावर हात ठेवून बसतात, आणि त्याच शिवारात बांधबंदिस्तीची, ताली धरण्याची, विहिरींची कामं पडून असतात. ही दोन टोकं जुळवायची कशी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सरकारनं सातशे रुपये दिले तर आपल्या शेतावर किती माणसांना काम देता येईल, असं त्यांनी घरात पत्नीलाच विचारलं, अशी आठवण सांगतात. मोठ्या योजनेचा पहिला हिशोब स्वयंपाकघरात झाला, हे मला फार आवडतं. पुढे 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या काही गावांत प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना राज्याची झाली. 1977 मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा एकमतानं मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 2005 मध्ये संसदेनं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव पुढ्यात होता.

पैसा कुठून आला, हेही मुलांना सांगितलं. 1975 पासून राज्यात व्यवसाय कर सुरू झाला, तो याच कामासाठी. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेले चार पैसे खेड्यातल्या मजुराच्या हातात पडावेत, ही त्यामागची कल्पना. मी मास्तर असताना माझ्याही पगारातून तो कापला जायचा. एरवी कपातीवर कुरकुरणारा मी त्या रकान्यापाशी मात्र कधी कुरकुरलो नाही.

त्याला कारण आहे. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची आणि शाळा सुटली की मी तिच्या हाताखाली जायचो. सुकडीची चव अजून जिभेवर आहे. एका आठवड्यात तिचं नाव हजेरीपटावर चढलंच नाही. हात फुटलेले होते, खडीचा ढीग समोर होता, पण पटावर नाव नाही म्हणून पगार नाही. आई भांडली नाही. तिला वाचता येत नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून मुकादमाच्या शेजारी उभं राहून मी तिचं नाव वाचून घेऊ लागलो. माझं शिक्षण कामी आल्याचं ते पहिलं उदाहरण.

पण पागे काही पोरसवदा नव्हते, सभापती होते. मुलांच्या मनात हेच आलं असणार. म्हणून त्यांना शेजारच्या खानापूर तालुक्यात नेलं, अर्थात बोलता बोलता.

जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या भागातले कितीतरी कामगार गावी परतले. गावाकडे कोरड. मुंबईत हातोहात यंत्रं चालवलेली माणसं रोजगार हमीवर खडी फोडू लागली. संपाची शिस्त अंगात मुरलेली, त्यामुळे ती नुसती खडी फोडून गप्प बसली नाहीत. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर वैद्यकी सोडून चळवळीत उतरले होते. त्यांच्याबरोबर गावातली तरुण पोरं आणि विज्ञान शिकलेली बाहेरची काही मंडळी जोडली गेली. मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. आधी मागणी कामाची आणि वेळेवर मजुरीची होती. मग प्रश्न पुढे सरकला. दर दुष्काळात खडीच का फोडायची? दुष्काळच हटेल असं काम का नाही?

इथून अभ्यास सुरू झाला. पाऊस किती पडतो, पिकं कशी बदलत गेली, विहिरी का आटल्या, हे गावकऱ्यांनीच पडताळायला घेतलं. येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की पात्रात पाणी धरून ठेवणारं काही उरत नाही आणि काठच्या विहिरी तळ गाठतात. हे म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं, पण कागदावर कुणी मांडलं नव्हतं. मग वाळूवर गावाचा हक्क मागितला गेला. थोडी वाळू गावानंच विकली, लोकांनी श्रमदान केलं, के. आर. दाते यांच्यासारखे जाणते अभियंते पाठीशी आले आणि बलवडी-तांदूळवाडीसाठी येरळेवर बळीराजा स्मृती धरण बांधलं गेलं. धरण लहानच आहे. पण पाणी वाटताना जमीन किती हे न बघता प्रत्येक कुटुंबाचा वाटा धरला, भूमिहीनांचासुद्धा. कालव्याखाली रान असेल त्याचंच पाणी, हा हिशोब आपल्याकडे इतका अंगवळणी पडला होता की भूमिहीनाला पाण्याचा वाटा ऐकून पुष्कळांनी भुवया उंचावल्या असतील. पुढे 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांनी समन्यायी पाण्याची मागणी लावून धरली, त्याला या कामाचा आधार होता.

एवढं ऐकून एक मुलगी, आत्तापर्यंत गप्प होती ती, म्हणाली, "सर, म्हणजे पागेंनी काम मागितलं आणि यांनी कोणतं काम ते विचारलं." मी नुसती मान डोलावली. मास्तरकीच्या काळात असं उत्तर आलं असतं तर दहापैकी दहा दिले असते.

मग विषय कोणता घ्यायचा यावर त्यांच्यात वाद झाला. मुलांना द्राक्षाचा पीकविमा हवा होता. ती मुलगी म्हणाली, बेदाण्याच्या शेडमधल्या बायका घेऊ. तासगावचे बेदाण्याचे सौदे लांबलांबपर्यंत माहीत आहेत. दर किती निघाला, आवक किती, सगळं लगेच कळतं. पण तो बेदाणा दिवसभर मांडी घालून निवडणाऱ्या बायका किती, त्यांना हजेरी मिळते किती, हंगाम संपल्यावर त्या काय करतात, हे या मुलांच्या चाळीस पानांत नव्हतं. तिची आई त्याच कामावर जाते, हे तिनं सर्वांत शेवटी सांगितलं.

मला क्षणभर मुकादमाचा तो पट दिसला.

मसुदा सध्या कपाटात आहे. रविवारी सकाळी दोघी-तिघी मुली वह्या घेऊन वस्तीवर बायकांच्या घरी जातात. शेडवर गेलं तर मालकासमोर बायका बोलत नाहीत, हे त्यांना पहिल्याच खेपेला कळलं. मुलं घरी बसून आकडे जुळवतात, आणि हे काम आपल्याला का आलं म्हणून थोडी रुसलेलीही असतात. त्यांनी बावीस प्रश्नांची यादी केली होती. पहिला प्रश्न मजुरीचा. एका मावशींनी तो पुरा ऐकूनही घेतला नाही. "मजुरीचं मागनं बघू गं," त्या म्हणाल्या, "आधी आडोशाला जायची सोय कुठं हाय ते लिही. दिसभर पाणी न पिता बसतो आम्ही."

यादीत तो प्रश्न नव्हता. आता पहिला तोच आहे. गटाला मात्र अजून नाव मिळालेलं नाही.